अच्युत पोतदार यांची पडद्यावरची कारकीर्द : आठवतील त्या भूमिका इथे लिहूया

कोपरीकर

अच्युत पोतदार १८ ऑगस्ट २०२५ ला आपल्या ठाण्यातच गेले. आणखी चार दिवसांनी त्यांना ९१ वर्षं पूर्ण झाली असती. बातमी सगळीकडे आली, पण मथळा बहुतेक ठिकाणी एकच होता: ‘थ्री इडियट्स’मधले प्रोफेसर गेले. खाली सात-आठ सिनेमांची नावं एका ओळीत, आणि संपलं. ज्यांच्या नावावर सव्वाशेच्या वर हिंदी सिनेमे आणि नव्वदच्या पुढे मालिका सांगितल्या जातात, त्या माणसाच्या कामाची एवढ्यात बोळवण व्हावी हे मला लागलं. म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९३४ चा, जबलपूरचा. रीवाला प्राध्यापकी केली, तिथून सैन्यात गेले, १९६७ साली कॅप्टनच्या हुद्द्यावरून बाहेर पडले. मग इंडियन ऑइल. तिथे जवळजवळ २५ वर्षं अधिकारी होते आणि १९९२ साली, ५८व्या वर्षी निवृत्त झाले. सिनेमा सुरू झाला तो चाळिशी उलटून गेल्यावर. ‘आक्रोश’ १९८० चा. म्हणजे ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ (१९८३), ‘तेजाब’ (१९८८), ‘परिंदा’ (१९८९) हे सगळं नोकरी चालू असतानाचं काम आहे. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण बातम्यांत ते कुठेच धड आलं नाही.

माझं म्हणणं असं आहे. छोट्या भूमिका करणाऱ्या नटाची कारकीर्द पोस्टरवरून किंवा पुरस्कारांवरून कळत नाही. त्याला पुन्हा कुणी बोलावलं, यावरून कळते. त्या नजरेने यादी बघा. ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ दोन्ही गोविंद निहलानींचे. ‘परिंदा’ विधू विनोद चोप्रांचा. पुढे ‘परिणीता’ (२००५), ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) आणि ‘थ्री इडियट्स’ (२००९) हे तिन्ही चोप्रांच्याच निर्मितीतले. ‘परिंदा’ ते ‘थ्री इडियट्स’ वीस वर्षं होतात. त्या काळात दिग्दर्शक बदलले, साउंडची पद्धत बदलली, सहायकांच्या पिढ्या बदलल्या, तरी त्या एका निर्मितीगृहातून पोतदारांना बोलावणं येत राहिलं. दोन मिनिटांच्या कामासाठी नवा माणूस मिळणं अवघड नसतं. तरीही त्याच माणसाला फोन जातो, तेव्हा समजावं की तो वेळेवर येतो, वाक्यं पाठ करून येतो आणि त्याचा शॉट एडिटच्या टेबलावर टिकतो.

तर लिहा. सिनेमा, मालिका, जाहिरात, नाटक, काहीही चालेल. भूमिका छोटी आहे म्हणून सोडू नका.

खारीगाव_लोकल

आमच्या घरी ते ‘माझा होशील ना’मधले आप्पा. आईला त्यांचं खरं नाव सांगावं लागायचं, पण आप्पा म्हटलं की लगेच ओळख पटायची. ब्रह्म्यांचं ते घर आठवतंय ना? चार मामा, एक भाचा आणि आप्पा, बाईमाणूस नसलेलं घर. सगळे एकदम बोलायचे. त्या गलक्यात आप्पा खुर्चीत बसून ज्या पद्धतीने एकेकाकडे बघायचे ते बघायलाच आई टीव्हीसमोर बसायची. चार मामांची कामं विद्याधर जोशी, सुनील तावडे, निखिल रत्नपारखी आणि विनय येडेकर करत होते, म्हणजे सगळे कसलेले. त्यांच्यात आवाज न चढवता उठून दिसणं ८५व्या वर्षी जमत होतं त्यांना.

मासुंदा

‘रंगीला’तले उर्मिलाचे वडील! १९९५. आई रीमा लागू. कोपरीकर, यादीत हा सिनेमा सर्वांत वर पाहिजे.

दुसरी_शिफ्ट

मी मालिकांमध्ये काम करते. नेरुळला राहते आणि बहुतेक वेळा सेट घोडबंदर रोडला असतो, त्यामुळे हा धागा मला जवळचा आहे. कोपरीकरांनी ‘पुन्हा कुणी बोलावलं’ म्हटलंय ते आमच्या क्षेत्रात शंभर टक्के खरं आहे. त्यात बाहेरून न दिसणाऱ्या काही गोष्टी सांगते.

छोट्या भूमिकेचं गणित दिवसांवर चालतं. पर डे, म्हणजे एका दिवसाचा दर, ठरतो, महिन्यात किती दिवस लागतील ते कुणीच लिहून देत नाही. मुख्य जोडीच्या तारखा आधी लागतात, मग त्यांच्या भोवती बाकीच्यांच्या. बारा तासांची शिफ्ट असते. सकाळी सातचा कॉल (सेटवर हजर व्हायची वेळ) असला तरी तुमचा सीन दुपारी चारला लागू शकतो, आणि तोवर मेकअप करून, कपडे घालून तयार बसायचं. चारला सीन पेपर, म्हणजे संवादांचा कागद, हातात येतो, त्यात सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्यापेक्षा दोन वाक्यं वेगळी असतात. आधी सगळा सीन एकत्र घेणारा मास्टर शॉट होतो, मग मुख्य कलाकारांचे क्लोज, म्हणजे जवळून घेतलेले शॉट, आणि तुमचा क्लोज सगळ्यांत शेवटी, तेव्हा वेळ संपत आलेली असते. म्हणजे दिवसभर थांबलेल्या माणसाला एका टेकमध्ये वाक्य बरोबर द्यायचं असतं. जो ते देतो त्याचं नाव शेड्यूल लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसतं. बाकी पैसे काम केल्यावर ९० दिवसांनी, दहा टक्के टीडीएस कापून.

नव्या मुलांना वाटतं की छोट्या भूमिकेत काहीतरी वेगळं करून दाखवलं पाहिजे, म्हणजे लक्ष जाईल. पोतदार सरांची कामं बघताना मला नेमकं उलटं शिकायला मिळालं. त्यांनी सीन कधी स्वतःकडे ओढून घेतला नाही. समोरच्याचं ऐकायचे. ऐकताना त्यांचे डोळे थांबलेले नसतात, विचार चालू असतो, आणि म्हणून एडिटरला त्यांची प्रतिक्रिया वापरावीशी वाटते. रिअ‍ॅक्शन शॉट कापला न जाणं ही छोट्या नटाची खरी कमाई आहे.

सीवूड्सचे_काका

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे नोकरी सांभाळून काम करण्याबद्दल बोलू शकतो. आमच्या पिढीत नाटक-सिनेमा करणारी मंडळी कुठून यायची तर ऑफिसांतून. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. रीमा लागू यांचीही सुरुवातीची वर्षं बँकेच्या नोकरीतली. अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात वीसएक वर्षं होते, आणि ते सिनेमात उशिराच आले. श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे सर्जन. मासुंदा यांनी ‘रंगीला’ काढलाच आहे तर बघा, त्या सिनेमातले आई आणि वडील, दोघंही नोकरीचं हजेरीपत्रक माहीत असलेले कलाकार होते. ते घर खरं वाटतं त्याला हेही एक कारण आहे असं मी मानतो.

आंतरबँक नाट्यस्पर्धा, कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा, राज्य नाट्यस्पर्धा, यांचा हंगाम आला की ऑफिस सुटल्यावर तालमी लागायच्या. साहेब चांगला असला तर सहाच्या ऐवजी साडेपाचला सोडायचा. पण मोबदला घेऊन बाहेर काम करायचं म्हणजे सार्वजनिक क्षेत्रात रीतसर परवानगी लागते, सेवानियमात ते स्पष्ट असतं. अर्जित रजा, किरकोळ रजा, रविवार, दिवाळीची जोडसुट्टी, असं सगळं जमवून शूटिंगच्या तारखा द्याव्या लागत. अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर असताना तर अधिकच अवघड, कारण खाली माणसं असतात आणि वर उत्तर द्यायचं असतं. पोतदारांनी हे १९८० ते १९९२ अशी बारा वर्षं केलं. नोकरी सोडून ‘आता फक्त अभिनय’ असं त्यांनी केलं नाही, ५८ पूर्ण होईपर्यंत थांबले. या शिस्तीबद्दल मला फार आदर आहे.

दुसरी_शिफ्ट

काका, आदर मलाही आहे, पण एक सांगते. आज हे करता येत नाही. तेव्हा सिनेमातलं छोटं काम म्हणजे चार-पाच दिवसांचं, आणि दूरदर्शनची मालिका आठवड्यातून एकदा, तेरा भागांची. आताची दैनंदिन मालिका आठवड्याला सहा-सात भाग मागते. आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपली की रात्री फोन येतो, उद्या या. नोकरी करणारा माणूस उद्या कसा येईल? माझ्याबरोबर काम करणाऱ्या कितीतरी जणांनी नोकरी सोडली ती कामावरच्या प्रेमापायी नाही. दोन्हीकडे तारखा देता येईनात म्हणून सोडली. मग मालिकेच्या कथेचा ट्रॅक बदलला, भूमिका संपली, आणि दोन्ही गेलं. पोतदार सरांसारखी कारकीर्द घडायला जे लागतं, म्हणजे पाठीशी पगार, पुढे पेन्शन, आणि मधे आठवड्याला एक भाग असा संथपणा, ते आता राहिलेलं नाही. तरुणांना ‘बघा, नोकरी सांभाळून केलं’ असं सांगताना हेही सांगायला हवं.

सीवूड्सचे_काका

मान्य. हे सांगायलाच हवं.

उपवन_पूर्व

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग नसावा. सगळे ‘किती छान छोट्या भूमिका’ म्हणताहेत, पण मला या कारकिर्दीकडे बघून अन्यायच जास्त दिसतो. प्राध्यापक, वडील, न्यायाधीश, सरकारी अधिकारी, शेजारचे सद्गृहस्थ. चाळीस वर्षं हेच. हिंदी सिनेमाने मराठी नटांना ठरावीक कपाटात ठेवलं. चष्मा, सदरा, मध्यमवर्गीय चेहरा, बस. सैन्यात कॅप्टन राहिलेला, कॉलेजात शिकवलेला, तेल कंपनीत अधिकारी राहिलेला माणूस, त्याच्यात केवढे पैलू असतील! कुणी एका लेखकाने त्यांच्यासाठी पूर्ण लांबीची भूमिका लिहायला हवी होती. ‘पुन्हा बोलावलं’ याचा अर्थ पुन्हा तेच करायला बोलावलं, असाही होतो.

खारीगाव_लोकल

+१. हे मनातलं बोललात.

कोपरीकर

उपवन_पूर्व, राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. मी त्यावर दोन-तीन दिवस विचार करून लिहितोय.

तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. त्यांच्या वाट्याला केंद्रस्थानी असलेली भूमिका यायला हवी होती. ‘आक्रोश’ची पटकथा विजय तेंडुलकरांची, ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरचा आणि पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. त्या काळात समांतर सिनेमात मराठी लेखक होते, मराठी रंगभूमीवरचे नट होते. ‘अर्धसत्य’ने सदाशिव अमरापूरकरांना रामा शेट्टी हा खलनायक दिला आणि त्यांचं पुढचं आयुष्य बदललं. असा एक रामा शेट्टी पोतदारांना मिळाला नाही, याची हळहळ मलाही आहे.

पण ‘तेच ते’ यावर माझं मत वेगळं आहे. वर्गात उभं राहून शिकवलेला माणूस पडद्यावर प्राध्यापक होतो तेव्हा त्याच्या उभं राहण्यात काहीतरी असतं जे शिकवून येत नाही. फळ्याकडे पाठ करून मुलांकडे वळायची लकब, एका मुलाशी बोलताना बाकीच्या वर्गावर ठेवलेला डोळा. सैन्यात राहिलेल्या माणसाची पाठ पंचाहत्तरीतही कशी राहते ते बघा. आणि अधिकारी म्हणून पंचवीस वर्षं फायली पाहिलेला माणूस कागद हातात घेतो तेव्हा तो खरोखर वाचतो. हिंदी सिनेमात टेबलामागे बसलेले किती अधिकारी कागदाकडे नुसते बघतात! दिग्दर्शक त्यांना तीच भूमिका देत होते कारण तिथे त्यांना काहीच समजावून सांगावं लागत नव्हतं. तुम्ही त्याला कपाट म्हणता. मला वाटतं त्यांनी आयुष्यात जे तीन हुद्दे खरोखर भूषवले, ते तिन्ही त्यांनी पडद्यावर आणले, आणि त्या छोट्या जागा भक्कम केल्या.

अन्याय झाला असेल तर तो आपण, म्हणजे प्रेक्षकांनी, नावं लक्षात न ठेवून केला.

ऐरोलीचा_अभियंता

मी २००१ चा. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर ‘थ्री इडियट्स’मधल्या त्यांच्या ‘अरे कहना क्या चाहते हो’ या वाक्याचं स्टिकर दिवसातून दहा वेळा यायचं, अजून येतं. खरं सांगायचं तर त्यांचं नाव मला ऑगस्टमध्येच कळलं, आणि धागा वाचून ‘रंगीला’ पाहिला. एक विचारायचं आहे. त्या वर्गातल्या सीनमध्ये आमिर खान आहे, मोठी मोठी वाक्यं त्याची आहेत, चतुरची ती पाठ केलेली व्याख्या आहे. तरी लोकांनी उचललं ते यांचं एक छोटं वाक्य. असं का झालं असेल? दुसरी_शिफ्ट ताई, तुम्ही सांगू शकाल का?

दुसरी_शिफ्ट

हा प्रश्न विचारलास हे फार बरं केलंस. हा सीन मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सीन कसा रचलाय ते बघ. प्रोफेसर मशीनची व्याख्या विचारतात. रँचो, म्हणजे आमिर खान, सोप्या भाषेत सांगतो, माणसाचे कष्ट वाचवते ती मशीन, आणि पेनाच्या निबेपासून पँटच्या झिपपर्यंत उदाहरणं देतो. प्रोफेसर चिडतात. चतुर पुस्तकातली व्याख्या धाडधाड म्हणतो, प्रोफेसर खूश. रँचोला वर्गाबाहेर काढतात. तो दारातून परत येतो, काहीतरी विसरलंय म्हणतो. काय, विचारल्यावर पुस्तकांची भलीमोठी, जड, तांत्रिक व्याख्या ऐकवतो. आणि तिथे ते वाक्य येतं.

म्हणजे विनोदाचं सगळं ओझं त्या एका वाक्यावर आहे. रँचोने जाळं टाकलंय आणि प्रोफेसर त्यात पाय टाकतात ती ही जागा. इथे नटापुढे मोठा मोह असतो. आपलं वाक्य हशा घेणार हे त्याला सीन पेपर वाचतानाच कळलेलं असतं. मग तो डोळे मोठे करतो, वाक्याआधी थांबतो, सूर लावतो. पोतदार सरांनी यातलं काहीही केलं नाही. त्यांचा प्रोफेसर खरोखर गोंधळलेला आहे. तो मनापासून ती व्याख्या समजून घ्यायचा प्रयत्न करतो, ती संपत नाही, आणि वैतागून विचारतो. वैतागही खलनायकाचा नाही. पुढचा तास घ्यायचाय, अभ्यासक्रम संपवायचाय, आणि हा मुलगा वेळ खातोय, असा नोकरी करणाऱ्या मास्तरांचा वैताग आहे तो. आपल्या प्रत्येकाला असा एक सर शिकवून गेलेला आहे. म्हणून ते वाक्य सिनेमातून सुटून बाहेर आलं. ज्याला समोरच्याचं बोलणं खरंच कळलेलं नाही, त्याला ते वाक्य जसंच्या तसं वापरता येतं.

अजून एक. ते वाक्य संपल्यावर ते हशासाठी थांबत नाहीत. रँचोचं ‘बुक्स, सर’ लगेच येऊ देतात. समोरच्याला जागा देणं हे त्यांच्या कामात सगळीकडे आहे, आणि इथे समोर आमिर खान आहे म्हणून ते बदललेलं नाही. ‘थ्री इडियट्स’ प्रदर्शित झाला तेव्हा ते ७५ वर्षांचे होते.

ऐरोलीचा_अभियंता

धन्यवाद ताई. आता तो सीन परत बघतो.

मासुंदा

कोणी दूरदर्शनबद्दल लिहिलंच नाही. ‘वागळे की दुनिया’ १९८८ साली आली, आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतल्या सामान्य माणसावर, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन. अंजन श्रीवास्तव वागळे झाले होते, आणि तेसुद्धा बँकेत नोकरी करणारे, काकांच्या यादीत त्यांचंही नाव घाला. पोतदार तिथेही होते. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’, ५३ भागांची, त्यातही त्यांनी काम केलं. एकाच वर्षात ‘तेजाब’, ‘वागळे’ आणि ‘भारत एक खोज’! एकीकडे एन. चंद्रांचा गल्लाभरू सिनेमा, एकीकडे मध्यमवर्गीय विनोद, एकीकडे इतिहास. आणि माणूस अजून इंडियन ऑइलमध्ये. उपवन_पूर्व, पैलूंचं म्हणत होतात ना, ते इथे शोधा. भूमिकांची लांबी कमी असेल, पण ज्या प्रकारच्या कामांत ते सहज वावरले तो पट्टा फार रुंद आहे.

पुढे सब टीव्हीवरची ‘मिसेस तेंडुलकर’. मग ‘माझा होशील ना’. पन्नाशीत दूरदर्शन, ऐंशी उलटल्यावर झी मराठी.

उपवन_पूर्व

हे मी या बाजूने पाहिलं नव्हतं. अन्यायाचं माझं म्हणणं कायम आहे, पण १९८८ ची ही तीन नावं शेजारी ठेवली की चित्र बदलतं हे खरं.

खारीगाव_लोकल

‘माझा होशील ना’वरून एक महत्त्वाचं आठवलं. मालिका सुरू झाली मार्च २०२० मध्ये आणि लगेच टाळेबंदी. शूटिंग पुन्हा सुरू करायला राज्य सरकारने मे अखेरीला नियम काढले, त्यात ६५ वर्षांवरच्या कोणालाही सेटवर यायला मनाई होती. जुलैमध्ये मालिकांचे नवे भाग दिसायला लागले तेव्हा घरोघरची आजी-आजोबांची पात्रं कुठे गेली ते आठवा. कुणी गावाला गेलं, कुणी फोनवरून बोलायचं. एका ज्येष्ठ कलाकाराने उच्च न्यायालयात याचिका केली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली. बाकी क्षेत्रांत ६५ वरच्या माणसाला कामावर जायला अशी बंदी नव्हती, मग याच क्षेत्रात का, हा मुद्दा होता.

काळजीपोटी केलेला नियम होता, हे मला समजतं. पण पर डे वर जगणाऱ्या सत्तरीतल्या नटाचं काय झालं असेल? पेन्शन सगळ्यांना नसते.

दुसरी_शिफ्ट

नसतेच. आमच्याकडे त्या काळात पासष्टी उलटलेल्या एका ताईंनी हेअर ड्रेसरला विचारलं होतं, केस काळे केले तर चालेल का. त्यांना वय लपवायचं नव्हतं, काम हवं होतं. पुढे कोर्टाचा निकाल आला आणि त्यांना परत बोलावलं, हे सांगायला बरं वाटतं.

पोतदार सरांना ८५ व्या वर्षी रोजच्या मालिकेत घेतलं, याचं श्रेय त्या निर्मात्यांनाही द्यायला हवं. त्या वयाच्या कलाकाराबरोबर काम करायचं म्हणजे सकाळचा कॉल, सीन सलग लावणं, मधे विश्रांतीची सोय, हे सगळं शेड्यूलमध्ये आधीच धरावं लागतं. घोडबंदरचं ट्रॅफिक, मेट्रोचं काम, गायमुखच्या अलीकडे तासभर थांबलेल्या गाड्या, हे आम्हा धडधाकट लोकांना जड जातं. आजोबांची भूमिका साठीच्या माणसाला पांढरा विग घालून उरकणं सोपं असतं. तसं न करता खऱ्या वयाचा माणूस घेतला की पडद्यावर त्या घराला वजन येतं.

कोपरीकर

चर्चा छान चालली आहे. आता थोडं कामाचं बोलू.

छोट्या भूमिकांच्या नोंदी टिकत नाहीत याचं साधं कारण म्हणजे श्रेयनामावली. टीव्हीवर सिनेमा लागला की शेवटची नावं कापतात किंवा पडद्याच्या कोपऱ्यात ढकलतात आणि शेजारी दुसऱ्या कार्यक्रमाची जाहिरात चालू होते. ओटीटीवर नावं सुरू झाली की ‘पुढचा भाग’ असं बटण येतं. जुन्या सिनेमांत तर वीस-पंचवीस नावं एकाच कार्डावर बारीक अक्षरांत असायची, भूमिकेचं नाव न देता. मग नेटवर जी यादी बनते ती कुणीतरी कुठून तरी उचललेली, आणि एकीवरून दुसरी.

आपण इथे एक करू शकतो. प्रत्येकाने एकेक सिनेमा किंवा मालिका घ्यावी, पूर्ण बघावी, आणि चार गोष्टी लिहाव्यात: नाव टायटल कार्डवर आहे का आणि कसं लिहिलंय, पात्राचं नाव किंवा नातं काय, सीन साधारण कितव्या मिनिटाला येतो, आणि सीनमध्ये कोणकोण आहे. फक्त स्वतः डोळ्यांनी बघितलेलं लिहायचं. दूरदर्शनच्या काही जुन्या मालिका प्रसार भारतीने यूट्यूबवर टाकल्या आहेत, त्यांच्याच ‘वेव्हज’ या ओटीटीवरही आहेत, तिथे शोधता येईल.

सीवूड्सचे_काका

मी ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ घेतो. दोन्ही तेव्हा थिएटरात पाहिले होते, आता कागद-पेन घेऊन बघीन. मराठी विकिपीडियावर लिहिणारं कुणी असेल तर त्यांनी पुढे हे तिथे न्यावं, फक्त तिथे आपल्या धाग्याचा दाखला चालणार नाही, छापील किंवा वृत्तपत्रीय संदर्भ लागेल. वाशीच्या वाचनालयात जुनी सिनेमासिकं मिळाली तर तीही चाळतो.

उपवन_पूर्व

‘परिंदा’ माझ्याकडे. आणि एक विनंती. हे पोतदारांपुरतं ठेवू नका. संपलं की पुढचा धागा आणखी एका अशाच कलाकारावर काढा. ठाण्यात आणि डोंबिवलीत असे किती कलाकार राहतात, गडकरीला नाटक बघायला आले की आपल्या शेजारच्या खुर्चीत बसतात, आणि आपण ‘कुठेतरी पाहिलंय यांना’ एवढंच म्हणतो.

खारीगाव_लोकल

‘माझा होशील ना’ आई आणि मी मिळून करतो. तिला भाग तोंडपाठ आहेत.

ऐरोलीचा_अभियंता

‘राजू बन गया जंटलमन’ (१९९२) आणि ‘हम साथ साथ हैं’ (१९९९) मी घेतो. सगळ्यांच्या नोंदी आल्या की एक तक्ता बनवून इथे टाकतो, वर्षानुसार लावलेला, म्हणजे नोकरीतली वर्षं आणि निवृत्तीनंतरची वर्षं वेगळी दिसतील.

मासुंदा

पहिली नोंद माझी. ‘रंगीला’, १९९५, दिग्दर्शन राम गोपाल वर्मा. पात्र: मिलीचे वडील, आडनाव जोशी. सोबत रीमा लागू (आई), उर्मिला मातोंडकर (मिली), आणि घरात येऊन-जाऊन असलेला मुन्ना म्हणजे आमिर खान. वडिलांची भूमिका घरातल्या दृश्यांत आहे. मुलगी सिनेमात नाचते, घरचे तिला अडवत नाहीत, आणि ही गोष्ट सिनेमात कुणी भाषण देऊन सांगत नाही, या आईवडिलांच्या वागण्यातून कळते. मिनिटांची नोंद रविवारी पूर्ण करून याच प्रतिसादात भर घालते.